फेला कुटी

फेला अनिकुलापो कुटी (जन्म: अबेओकुटा, नायजेरिया, १५ ऑक्टोबर, इ.स. १९३८, मृत्यू: लागोस, २ ऑगस्ट, इ.स. १९९७) हे नायजेरियातील गायक, संगीतकार, सॅक्सोफोनवादक आणि वाद्यवृंदप्रमुख होते. पश्चिम आफ्रिकेतील हायलाइफ संगीत, योरुबा समाजाची पारंपरिक तालपद्धती, अमेरिकेतील जाझ आणि फंक यांच्या मिलाफातून घडलेल्या ‘आफ्रोबीट’ या संगीतप्रकाराचे ते जनक मानले जातात. ‘आफ्रिका ७०’ आणि ‘इजिप्त ८०’ हे त्यांचे वाद्यवृंद विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील आफ्रिकेच्या सर्वांत प्रभावी वाद्यवृंदांत गणले जातात. युरोप-अमेरिकेतील रॉक संगीतकारांवरही त्यांचा ठसा उमटला. नायजेरियातील लष्करी राजवटींवर फेला यांनी गाण्यांतून उघड टीका केली. त्याबद्दल त्यांना वारंवार अटक, मारहाण आणि तुरुंगवास सोसावा लागला. त्यांच्या वृद्ध आईला मात्र त्याची किंमत प्राणांनी चुकवावी लागली.

घराणे आणि बालपण

फेला यांचे मूळ नाव ओलुफेला ओलुसेगुन ओलुडोटुन रॅन्सम-कुटी असे होते. घराणे योरुबा, ख्रिस्ती, सुशिक्षित आणि प्रतिष्ठित होते. आजोबा जोसाया रॅन्सम-कुटी हे पाद्री असून त्यांनी योरुबा भाषेत भक्तिगीते रचली. १९२०च्या दशकात लंडनमध्ये त्यांच्या आवाजात या गीतांचे ध्वनिमुद्रणही झाले होते. वडील इझ्रायल हे पाद्री आणि मुख्याध्यापक होते. नायजेरियातील शिक्षकांच्या राष्ट्रीय संघटनेचे ते पहिले अध्यक्ष. शाळेत आणि घरात त्यांची शिस्त सारखीच कडक असे आणि छडीच्या वापरात स्वतःच्या मुलांना सूट नसे. पियानोचे पहिले धडे फेला यांना घरीच मिळाले.

आई फुन्मिलायो यांचा प्रभाव मात्र अधिक खोल होता. १९४०च्या दशकात अबेओकुटातील बाजारात माल विकणाऱ्या स्त्रियांवर वसाहतीच्या शासनाने स्थानिक राजामार्फत कर लादला होता. फुन्मिलायो यांनी सुशिक्षित स्त्रिया आणि निरक्षर विक्रेत्या यांना एका संघटनेत आणले. हजारो स्त्रिया राजवाड्यासमोर ठाण मांडून बसल्या आणि निषेधाची गाणी गाऊ लागल्या. अखेरीस कर मागे घेण्यात आला आणि १९४९च्या प्रारंभी राजाला काही काळ गादी सोडावी लागली. त्या वेळी फेला दहा वर्षांचे होते. सत्तेच्या दारात उभे राहून गाणे म्हणता येते आणि त्या गाण्याने सत्ता हलते, हे त्यांनी असे लहानपणीच पाहिले होते. या लढ्याचे प्रत्ययकारी चित्रण त्यांचे आतेभाऊ-मामेभावांच्या नात्यातील नोबेल पारितोषिकप्राप्त साहित्यिक वोले सोयिंका यांनी आपल्या बालपणीच्या आठवणींत केले आहे. फुन्मिलायो यांना १९७० मध्ये सोव्हिएत संघाचा लेनिन शांतता पुरस्कार मिळाला.

थोरले बंधू ओलिकोये बालरोगतज्ज्ञ झाले आणि पुढे देशाचे आरोग्यमंत्री बनले. धाकटे बंधू बेको हेही डॉक्टर होते व मानवी हक्कांच्या चळवळीत अग्रभागी राहिले.

लंडन आणि ‘कूला लोबिटोस’

१९५८ मध्ये कुटुंबाने फेला यांना वैद्यकीय शिक्षणासाठी लंडनला पाठवले. तेथे पोहोचल्यावर त्यांनी ट्रिनिटी संगीत महाविद्यालयात नाव घातले. ट्रम्पेट हे त्यांचे मुख्य वाद्य होते. महाविद्यालयात पाश्चात्त्य अभिजात संगीताचे शिक्षण आणि रात्री क्लबांमध्ये जाझ असा त्यांचा दिनक्रम असे. याच काळात त्यांनी ‘कूला लोबिटोस’ हा आपला पहिला वाद्यवृंद काढला आणि रेमी टेलर यांच्याशी विवाह केला. येनी, फेमी आणि शोला ही त्यांची अपत्ये.

१९६३ मध्ये ते स्वतंत्र नायजेरियात परतले. आकाशवाणीवरील निर्मात्याच्या नोकरीत ते फार काळ रमले नाहीत. वाद्यवृंदाची त्यांनी नव्याने जुळणी केली आणि १९६४ मध्ये टोनी ॲलन हे ड्रमवादक त्यांना येऊन मिळाले. फेला हायलाइफ आणि जाझ यांचे मिश्रण वाजवू पाहत होते, परंतु नाचण्यासाठी येणाऱ्या लागोसच्या श्रोत्यांना ते अवघड वाटे आणि जाझच्या चाहत्यांना ते पुरेसे जाझ वाटत नसे. त्यातच सिएरा लिओनचे गायक जेराल्डो पिनो जेम्स ब्राउन यांच्या धर्तीचे सोल संगीत घेऊन पश्चिम आफ्रिकेत आले आणि त्यांनी सारा श्रोतृवर्ग जिंकून घेतला. परक्या संगीताच्या या लाटेत आपले काहीतरी वेगळे हवे, या जाणिवेतून फेला यांनी आपल्या संगीताला ‘आफ्रोबीट’ हे नाव दिले. नाव आधी आले. त्या नावाला शोभेल असे संगीत त्यानंतर दोन-तीन वर्षांनी घडले.

अमेरिकेतील वास्तव्य

१९६९ मध्ये, नायजेरियातील यादवी युद्ध चालू असताना, फेला आपला वाद्यवृंद घेऊन अमेरिकेला गेले. दौरा व्यावसायिकदृष्ट्या फसला. कामाचे परवाने नसल्यामुळे लॉस एंजेलिसमध्ये ते चोरून कार्यक्रम करत राहिले. तेथे सँड्रा स्मिथ (पुढे सँड्रा इझाडोर) या ब्लॅक पँथर चळवळीशी संबंधित तरुणीशी त्यांची ओळख झाली. तिने त्यांना माल्कम एक्स यांचे आत्मचरित्र वाचायला दिले. आपण आफ्रिकी असूनही आफ्रिकेचा इतिहास आपल्याला एका अमेरिकी तरुणीकडून समजून घ्यावा लागतो, याचा त्यांना जबर धक्का बसला. तोपर्यंत त्यांची गाणी प्रेम, खाणेपिणे, शहरातील गमतीजमती अशा विषयांवर असत. आईच्या राजकारणाचा वारसा खऱ्या अर्थाने त्यांच्या संगीतात उतरला तो या वास्तव्यानंतर.

१९७० मध्ये मायदेशी परतल्यावर वाद्यवृंदाचे नाव ‘नायजेरिया ७०’ आणि नंतर ‘आफ्रिका ७०’ झाले. १९७१ मधील ‘जेउन कोकू’ या खादाड माणसावरील विनोदी गाण्याने त्यांना पहिले मोठे यश मिळवून दिले. ‘क्रीम’ या ब्रिटिश रॉक गटाचे ड्रमवादक जिंजर बेकर याच सुमारास सहारा वाळवंट मोटारीने ओलांडून लागोसला आले आणि फेला यांच्याबरोबर त्यांनी ध्वनिमुद्रण केले. १९७३ मध्ये पॉल मॅकार्टनी आपल्या ‘विंग्ज’ या गटासह ध्वनिमुद्रणासाठी लागोसला आले असता, ते आफ्रिकी संगीत चोरायला आले आहेत असा जाहीर आरोप फेला यांनी केला. मॅकार्टनी यांनी आपले ध्वनिमुद्रण त्यांना ऐकवल्यावर तो वाद मिटला.

आफ्रोबीटची घडण

आफ्रोबीटचा पाया ताल हा आहे. टोनी ॲलन यांचे दोन्ही हात आणि दोन्ही पाय जणू चार वेगवेगळे वादक असल्यासारखे चालत. त्यांच्याशिवाय हे संगीत उभेच राहिले नसते, असे फेला स्वतः मान्य करत. ड्रमच्या जोडीला कोंगा हे उभे ढोल, लाकडी टिपऱ्या आणि भोपळ्यावर मण्यांचे जाळे विणून केलेले शेकेरे ही वाद्ये असत. गिटारवादक एखादी छोटी सुरावट घेत आणि ती पंधरा-वीस मिनिटे न बदलता वाजवत राहत. या अखंड तालावर ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन यांचे ताफे एकसुरात तुटून पडत, तर मधल्या मोकळ्या जागेत फेला सॅक्सोफोनवर किंवा ऑर्गनवर जाझच्या पद्धतीने विस्तार करत. त्यांच्या वाद्यवृंदातील सॅक्सोफोनवादक १९७३ मध्ये सोडून गेल्यावर त्यांनी ते वाद्य स्वतःच हाती घेतले.

गायन सुरू व्हायला दहा-दहा मिनिटे लागत. फेला एक ओळ टाकत आणि गायिकांचा ताफा, पोवाड्यातील झीलकऱ्यांप्रमाणे, ती उचलून धरत असे. योरुबा आणि शुद्ध इंग्रजी या दोन्ही भाषा बाजूला ठेवून त्यांनी पिजिन ही बाजारातली, मोडक्या इंग्रजीची बोली स्वीकारली. शेकडो भाषांच्या देशात हमाल, बसवाहक आणि विक्रेते यांना समजणारी ती एकमेव सामाईक भाषा होती. घाना किंवा सिएरा लिओनमध्येही ती कळत असे.

एक गाणे बहुधा तबकडीची एक संपूर्ण बाजू व्यापत असे, काही वेळा दोन्ही बाजू. एवढे लांब गाणे नभोवाणीवर वाजवणे अवघड, आणि सरकारी नभोवाणी ती वाजवण्यास उत्सुक नव्हतीच. तबकडी निघाल्यानंतर ते गाणे रंगमंचावर पुन्हा न वाजवण्याचाही त्यांचा शिरस्ता होता. श्रोत्यांना नेहमी नवे, अजून न छापलेले गाणे ऐकायला मिळे. लागोसमधील ‘आफ्रिका श्राइन’ या त्यांच्या क्लबात संगीताइतकेच महत्त्व त्यांच्या भाषणांना होते. वर्तमानपत्रांतील बातम्या, मंत्र्यांचे घोटाळे, पोलिसांची वसुली यांवर ते तासन्‌तास बोलत आणि त्यातूनच पुढचे गाणे तयार होई. लेमी घारिओक्वू या तरुण चित्रकाराने काढलेली तबकड्यांची वेष्टनेही या भाषणांइतकीच बोलकी असत.

कलाकुटा

लागोसमधील आपल्या घराला फेला यांनी ‘कलाकुटा प्रजासत्ताक’ असे नाव दिले आणि ते नायजेरियाच्या सत्तेपासून स्वतंत्र असल्याचे घोषित केले. ते अटकेत असताना ज्या कोठडीत ठेवले गेले तिला कैद्यांनी कलाकुटा हे नाव दिले होते, आणि ते कलकत्त्याच्या १७५६ मधील कुप्रसिद्ध अंधारकोठडीवरून आले असे सांगितले जाते. ब्रिटिश साम्राज्याच्या शालेय पुस्तकांतून भारतातील एक नाव असे लागोसच्या तुरुंगापर्यंत पोहोचले. घरात वादक, नर्तकी, घर सोडून आलेले तरुण असा मोठा गोतावळा राही. बंधू बेको तेथे मोफत दवाखाना चालवत.

१९७४ पासून पोलिसांच्या धाडी सुरू झाल्या. एका प्रसंगी गांजाचा पुरावा त्यांनी गिळून टाकला. तेव्हा पोलिसांनी विष्ठेच्या तपासणीसाठी त्यांना डांबून ठेवले. फेला सुटले आणि या सरकारी प्रतीक्षेवरच त्यांनी १९७५ मध्ये एक तबकडी काढली. याच सुमारास इंग्रज मिशनऱ्याच्या नावावरून कुटुंबात आलेले ‘रॅन्सम’ हे नाव गुलामीचे म्हणून त्यांनी टाकून दिले आणि ‘अनिकुलापो’ हे नाव घेतले. मृत्यूला आपल्या थैलीत बाळगणारा असा त्याचा अर्थ. आईनेही हेच आडनाव स्वीकारले.

१९७६ मध्ये आलेल्या ‘झोंबी’ या गाण्यात आज्ञेवाचून चालू, वळू किंवा विचार करू न शकणाऱ्या सैनिकांची थट्टा होती. रस्त्यावरची मुले काठ्या खांद्यावर घेऊन सैनिकांसमोर ते गाऊ लागली. १९७७च्या जानेवारी-फेब्रुवारीत लष्करी सरकारने तेलाच्या पैशावर लागोसमध्ये कृष्णवर्णीयांचा भव्य आंतरराष्ट्रीय कलामहोत्सव भरवला. फेला यांनी त्यावर बहिष्कार टाकला आणि आपल्या क्लबात प्रतिमहोत्सव सुरू केला. परदेशी कलावंत सरकारी कार्यक्रम आटोपून रात्री तिकडे येऊ लागले. जगाचे पाहुणे गावात असेपर्यंत सरकार गप्प राहिले.

१८ फेब्रुवारी १९७७

महोत्सव संपून सहा दिवस झाले होते. घरातील तरुण आणि सैनिक यांच्यातील एका तंट्याचे निमित्त झाले आणि सुमारे १००० सैनिकांनी कलाकुटाला वेढा घातला. रहिवाशांना मारहाण झाली, स्त्रियांवर अत्याचार झाले, फेला यांची हाडे मोडली. घर, दवाखाना, वाद्ये आणि ध्वनिफिती जाळण्यात आल्या. सत्तरी ओलांडलेल्या फुन्मिलायो यांना सैनिकांनी वरच्या मजल्याच्या खिडकीतून खाली फेकले. त्या यातून सावरल्या नाहीत आणि १३ एप्रिल १९७८ रोजी त्यांचे निधन झाले.

सरकारी चौकशीत हे कृत्य एका अज्ञात सैनिकाचे ठरवण्यात आले. एक हजार माणसांच्या वेढ्यातील एकाचेही नाव निष्पन्न झाले नाही. नुकसानभरपाईचा दावा फेटाळला गेला आणि जागा सरकारने ताब्यात घेतली. तेव्हाचे लष्करप्रमुख शासक ओलुसेगुन ओबासान्जो हे अबेओकुटाचेच रहिवासी होते, ही गोष्ट फेला यांना विशेष झोंबली. १९७९ मध्ये ओबासान्जो सत्ता सोडत असताना फेला आणि त्यांचे सहकारी आईच्या नावाने एक शवपेटी घेऊन लष्करी मुख्यालय असलेल्या डोडान बरॅक्सच्या दारात गेले आणि पहाऱ्याला न जुमानता ती तेथे ठेवून आले. ‘अननोन सोल्जर’ आणि ‘कॉफिन फॉर हेड ऑफ स्टेट’ या त्यांच्या दोन रचना याच घटनांवर आहेत. एरवी उपहासाने भरलेला त्यांचा आवाज या गाण्यांत शोकाने जड झालेला जाणवतो.

स्त्रियांविषयीची भूमिका

हल्ल्याला एक वर्ष होत असताना, फेब्रुवारी १९७८ मध्ये, फेला यांनी एकाच समारंभात २७ स्त्रियांशी विवाह केला. बहुतेक जणी त्यांच्या गायिका आणि नर्तकी होत्या. त्यांना वेश्या म्हणून हिणवले जात होते आणि फेला यांनी त्यांना पळवून आणल्याचे आरोप होत होते, तेव्हा हा विवाह त्यांना प्रतिष्ठा देण्यासाठी होता असे समर्थन केले जाते. त्यात तथ्य आहे, पण ते अपुरे आहे. घरात सत्ता एकट्या फेला यांचीच चाले, शिक्षाही तेच ठरवत. १९७२ मधील ‘लेडी’ या गाण्यात त्यांनी पुरुषाची बरोबरी करू पाहणाऱ्या स्त्रीची टर उडवली होती, आणि तीही नायजेरियातील स्त्रीमुक्तीच्या सर्वांत मोठ्या नेत्यांपैकी एकीचा मुलगा असून. १९८६ मध्ये, कोणाही पुरुषाने स्त्रीवर मालकी सांगू नये असे कारण देऊन त्यांनी उरलेल्या पत्नींना विवाहबंधनातून मोकळे केले. कलाकुटावरील हल्ल्यात सर्वाधिक सोसले ते या स्त्रियांनी. तबकड्यांवर त्यांचा आवाज सर्वत्र आहे, त्यांची नावे मात्र फारच थोड्यांना ठाऊक आहेत.

‘इजिप्त ८०’ आणि तुरुंगवास

१९७८ मध्ये घानाची राजधानी आक्रा येथे ‘झोंबी’ चालू असताना दंगल उसळली आणि फेला यांना त्या देशात बंदी झाली. त्याच वर्षीच्या बर्लिन जाझ महोत्सवानंतर टोनी ॲलन यांच्यासह अनेक वादक बाहेर पडले. मानधनाचा प्रश्न जुना होता. शिवाय मिळालेला पैसा राजकारणात जाईल अशी शंका होती. ती अगदीच निराधार नव्हती, कारण फेला यांनी राजकीय पक्ष काढून १९७९ची अध्यक्षपदाची निवडणूक लढवण्याची तयारी केली होती. त्यांची उमेदवारी मान्य झाली नाही. नव्या वाद्यवृंदाला त्यांनी ‘इजिप्त ८०’ हे नाव दिले. प्राचीन इजिप्तची संस्कृती आफ्रिकी होती हे त्यातून सांगायचे होते. या काळातील रचना अधिक संथ, लांब आणि गुंतागुंतीच्या आहेत.

सप्टेंबर १९८४ मध्ये अमेरिकेच्या दौऱ्यावर निघालेल्या फेला यांना लागोसच्या विमानतळावर अटक झाली. १६०० पौंड बेकायदा देशाबाहेर नेल्याचा आरोप ठेवून मुहम्मदू बुहारी यांच्या लष्करी राजवटीने त्यांना पाच वर्षांची शिक्षा दिली. ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने त्यांना सद्सद्विवेकाचे कैदी मानून सुटकेची मागणी केली. या काळात वाद्यवृंद त्यांचे पुत्र फेमी यांनी सांभाळला. एका अपूर्ण तबकडीवर परदेशी निर्मात्याने परस्पर संस्कार करून ती बाजारात आणली, ते फेला यांना मुळीच रुचले नाही. राजवट बदलल्यानंतर एप्रिल १९८६ मध्ये, सुमारे वीस महिन्यांनी, ते सुटले. ज्या बाबांगिडा सरकारच्या काळात सुटका झाली त्यात त्यांचे बंधू ओलिकोये आरोग्यमंत्री होते. फेला यांनी त्या सरकारलाही सोडले नाही. १९८९ मधील ‘बीस्ट्स ऑफ नो नेशन’च्या वेष्टनावर थॅचर, रेगन आणि बोथा यांना शिंगे दाखवलेली आहेत.

अखेर

१९९२ नंतर त्यांची नवी तबकडी आली नाही. श्राइनमधील कार्यक्रम चालू होते, परंतु प्रकृती ढासळत होती. आजाराची तपासणी करून घेण्यास ते तयार नव्हते. कंडोम आणि एड्स या दोन्हींकडे ते आफ्रिकेवर लादलेली पाश्चात्त्य गोष्ट म्हणून पाहत. २ ऑगस्ट १९९७ रोजी त्यांचे निधन झाले. दुसऱ्या दिवशी ओलिकोये यांनी पत्रकारांसमोर मृत्यूचे कारण एड्स असल्याचे जाहीर केले. ज्या देशात हा शब्द उच्चारणेही लज्जास्पद मानले जाई, तेथे माजी आरोग्यमंत्र्याने सख्ख्या भावाबद्दल हे सांगितल्याने मोठी खळबळ उडाली आणि या रोगाविषयी प्रथमच मोकळेपणाने चर्चा होऊ लागली. बेको त्या वेळी सानी अबाचा यांच्या राजवटीत तुरुंगात होते.

लागोसच्या तफावा बलेवा चौकात अंत्यदर्शनासाठी लाखो लोक लोटले. इकेजा येथील राहत्या घराच्या आवारात फेला यांचे दफन करण्यात आले.

नंतरचा काळ

कन्या येनी यांनी १९९८ पासून ‘फेलाब्रेशन’ हा वार्षिक संगीतमहोत्सव सुरू केला. इकेजात २००० मध्ये ‘न्यू आफ्रिका श्राइन’ उभे राहिले. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर २००९ मध्ये त्यांच्या जीवनावरील ‘फेला!’ हे संगीतनाट्य आले आणि त्याला तीन टोनी पुरस्कार मिळाले. ‘टॉकिंग हेड्स’ या अमेरिकी रॉक गटाच्या १९८० मधील ‘रिमेन इन लाइट’ या संग्रहावर आफ्रोबीटचा प्रभाव स्पष्ट आहे. ओबासान्जो १९९९ मध्ये आणि बुहारी २०१५ मध्ये मतपेटीतून निवडून येऊन नायजेरियाचे अध्यक्ष झाले, आणि त्यांच्यावरची जुनी गाणी श्राइनमध्ये नव्याने वाजू लागली. राहत्या घराचे २०१२ मध्ये संग्रहालय झाले असून फेला यांची कबर त्याच्या दर्शनी आवारात आहे. ‘इजिप्त ८०’चे नेतृत्व त्यांचे धाकटे पुत्र शेऊन यांच्याकडे आले, वडिलांचे निधन झाले तेव्हा ते चौदा वर्षांचे होते.